नाव घेऊन सांडा

१

मार्चमधला मंगळवार, दुपारचे सव्वातीन. ठिकाण: चंद्रपूरहून मूलकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा एक लहानसा बिअरचा कारखाना, आणि त्याच्या मागच्या अंगाची पिंपांची खोली. बाहेर डांबर पाघळत होतं. आत स्वेटर घालावा असा गारवा होता.

नीलिमा रामटेके दर मंगळवारी याच वेळेला या खोलीत येई. जेवण होऊन बराच वेळ गेलेला, तोंडात वेलचीसुद्धा नाही, हाताला साबणाचा वास नाही. ती रसायनशास्त्र शिकलेली होती, नाशिककडे वाइनच्या कारखान्यात काही वर्षं काढलेली होती आणि जिल्ह्यातली दारूबंदी उठल्यावर घरी परतली होती. बंदी उठली तेव्हा या शहरात किती जणांची तत्त्वं एका रात्रीत पातळ झाली, हे सांगत बसलो तर गोष्ट बाजूलाच राहील. नीलिमाला गावात नोकरी मिळाली, एवढं इथे पुरे.

खोलीत ओकच्या लाकडाची पिंपं आडवी मांडलेली होती. परदेशात व्हिस्की मुरवून झाल्यावर टाकून दिलेली ही पिंपं मालकाने आणवली होती आणि त्यांत काळी, जड, नेहमीच्या स्ट्राँग बिअरलाही मागे टाकणारी बिअर महिनोन् महिने मुरत ठेवली होती. प्रत्येक पिंपाच्या तोंडावर, गुडघ्याच्या उंचीला, स्टीलचा एक बारीक खिळा ठोकलेला. पकडीने तो उपसला की दाभणासारखी धार सुटते. पहिली धार फरशीवर सोडायची, कारण खिळ्यापाशी हवा लागून आंबलेले थेंब तीत असतात. दुसरी पेल्यात घ्यायची. खिळा परत बसवायचा. जगात जिथे जिथे पिंपं आहेत तिथे हे असंच करतात.

मग वास. मग घोट. जळक्या गुळाची चव आधी येई, तिच्यामागून चिंचेचा आंबटपणा, मग ओलं लाकूड, आणि सगळ्यात शेवटी सुकलेल्या मोहफुलाचा तो जड गोडवा. घोट जिभेवर फिरवून ती बादलीत थुंकून टाकी. बिअर चाखणारे सहसा थुंकत नाहीत. कडवटपणा घशाशी कळतो म्हणतात. पण तिची आई, इंदुताई, बंदीच्या मागणीसाठी बायकांबरोबर पायपीट केलेली. दारूला न शिवण्याचं, पंचशीलातलं पाचवं शील घरात नुसतं म्हणायला नव्हतं. "जिभेवर पोट भरतं त भर," आईने सांगितलं होतं, "पन घशाखाली घोट गेला त मले आई म्हनू नको." नीलिमाने ते पाळलं होतं.

त्या दिवशी सात नंबरच्या पिंपाने तिला थांबवलं. चव उत्तम होती, बाकीच्यांहून खोल. पण थुंकल्यावर तिला तहान लागली. साधी नाही, उन्हात दिवसभर खडी फोडून आल्यावर लागते तशी, टाळूला जीभ चिकटवणारी. ती बाटलीभर पाणी प्यायली. तहान तोंडातच राहिली, पोटाला तिचं काही सोयरसुतक नव्हतं.

पाणी पिऊन ती वळली आणि तिला फरशी दिसली. प्रत्येक पिंपाखाली पहिल्या धारेचं रुपयाएवढं काळं थारोळं होतं. सात नंबरखाली काहीच नव्हतं.

२

"सात नंबरची नाई सांडली का मॅडम?" फडकं घेऊन आलेल्या इसरूने विचारलं.

इसरू मडावी पन्नाशीचा, कुरखेड्याकडचा. त्याच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, म्हणून तो शेजारच्या जिल्ह्यात येऊन दारूची पिंपं धूत होता, आणि ही गोष्ट दिवसातून एकदा तरी हसून सांगत होता.

"सांडली ना, इसरूभाऊ."

"मंग पेली कोनं?" तो स्वतःच हसला. मग खाली वाकून फरशीला हात लावला आणि हसायचा थांबला. "नाव घेऊन सांडत जा जी."

"कोणाचं नाव?"

"आमच्यात पयली धार जमिनीले देतेत. गेलेल्या मानसाची असते ते. पन नाव घेऊन द्या लागते. नाव नाई घेतलं त कोनीबी येते."

"आणि आलं तर?"

"मले का मालूम? माह्यासमोर त अजून कोनी नाई आलं. आलं त त्याले फडकं देईन, म्हनीन, पूस बाप्पा तूच."

नीलिमाही हसली. तिच्या घरी भूत हा शब्द फक्त कोणाची चेष्टा करताना यायचा. वडील शाळामास्तर, लिंबू-मिरची दिसली की लिंबाचं सरबत करून पिणारे. तिने त्याच मुशीतून विचार केला. फरशीला उतार असेल. पण फरशीवर घट्ट रंगाचा थर होता, पाण्याचा थेंब मोत्यासारखा उभा राहील असा, आणि तिने ठेवलेली काचेची गोळी कुठेही घरंगळली नाही. थंड हवेचा झोत असेल. तिने पुढच्या मंगळवारी पंखा बंद करून पाहिला. जागेवर साधं पाणी ओतलं. पाणी राहिलं. मग खिळा उपसून पहिली धार सोडली, पकड खाली ठेवली, पुन्हा पाहिलं. फरशी कोरडी.

तिने बोट फिरवलं. इतकी गोड बिअर वाळली तरी चिकटा राहतो. चिकटाही नव्हता. पुसलेल्या ताटासारखी जागा होती ती. पुसलेल्या म्हणजे, भुकेल्या माणसाने पुसलेल्या.

३

कारखान्याच्या फाटकाशी एक बाई दर आठवड्याला येऊन बसायची. फाटकाच्या आत तिला घेत नव्हते आणि फाटकाबाहेरून ती हलत नव्हती. तिचं नाव बुधरी. इसरूच्या गावाजवळची, पंचविशीची. तिचा नवरा रोशन कुमरे इथे पिंपं धुवायच्या कामाला होता, ठेकेदाराकडून लागलेला. जानेवारीच्या अखेरीपासून त्याचा पत्ता नव्हता.

"गेला असन मिरच्या तोडाले," व्यवस्थापक धनराज सगळ्यांना सांगायचा. "तेलंगनात जातेत ना सगळे. फोन बंद म्हंजे तिकडं टॉवर नाई. यात कंपनीचा का दोष?"

धनराज वाईट माणूस होता असं कोणी म्हणणार नाही. सकाळी सगळ्यांना चहा पाजायचा. अशीच माणसं या जिल्ह्यांतल्या कारखान्यांच्या आणि खाणींच्या फाटकांवर बसलेली असतात आणि आलेल्या बाईला चहा पाजून परत पाठवतात.

नीलिमा कारखान्यातली एकटीच बाई अधिकारी. म्हणून बुधरी तिच्यासाठी उठून उभी राहायची.

"तो सांगून जाते मॅडम," ती म्हणाली. "बाजारात गेला तरी सांगून जाते. मिरच्या तोडाले जाईन अन् मले नाई सांगन?"

"भांडण वगैरे झालं होतं का?"

"भांडन त रोजच व्हाचं. भांडल्यावर त आनखी सांगून जाते, मी चाललो म्हनून. मंग मी म्हनतो, जा. मंग तो जात नाई." ती हसली आणि हसता हसता तिने तोंडावर पदर घेतला. "घरचे म्हनतेत, तेरवी करून टाक. सासू म्हनते, त्याच्या जिवाले शांती नाई. मी म्हनलं, हाय का गेला ते त कळू द्या. जित्या मानसाची तेरवी कशी करू?"

नीलिमाने फाटकावरच्या कार्डाच्या मशीनची चौकशी केली. रोशनचं कार्ड जानेवारीतल्या एका सकाळी आत आल्याचं मशीन दाखवत होतं. बाहेर गेल्याचं दाखवत नव्हतं.

"मशीन बिघडलं होतं तवा," धनराज म्हणाला. "चहा घ्या मॅडम."

४

पुढच्या मंगळवारी आवाज आला.

तिने सात नंबरचा घोट घेतला होता. तो जिभेवर होता, काळा, गार, गुळासारखा जड. ती थुंकायला बादलीकडे वाकली आणि तेवढ्यात तिला गिळल्याचा आवाज ऐकू आला. घशातून मोठा घोट उतरतो तसा, स्पष्ट, ओला.

पहिलं तिच्या मनात आईच आली. गिळलं आपण. तिने तोंडाला हात लावला. घोट तोंडातच होता, सगळाच्या सगळा. ती थुंकली, आणि थुंकण्याचा आवाज विरल्यावर पुन्हा एक घोट उतरला. मागून. खालून. गुडघ्याच्या उंचीवरून.

पिंपाचं लाकूड ओढून घेतं, हे तिला माहीत होतं. लाकूड फुगतं, करकरतं, आतला वायू बुडबुडतो. अशा खोल्यांमध्ये तिने नोकरीतली अर्धी वर्षं काढली होती आणि त्यांचे सगळे आवाज तिला घरच्या आवाजांसारखे ओळखीचे होते. हा आवाज पिंपाचा नव्हता. पिंप पीत नाही.

सात आणि आठ नंबरच्या पिंपांमध्ये जेमतेम एक माणूस उकिडवा बसेल एवढी फट होती. त्या फटीत खोलीच्या दिव्याचा उजेड पोचत नव्हता. मागे भिंत होती. नीलिमाने फटीत पाहिलं नाही. नंतर तिने स्वतःला पुष्कळदा विचारलं, का नाही पाहिलं, आणि उत्तर दरवेळी तेच आलं: काहीच दिसलं नसतं तर?

ती बाहेर आली. उन्हात उभी राहून तिने धनराजला हटकलं.

"सात नंबरच्या मागच्या भिंतीपलीकडे काय आहे?"

"काई नाई. पिंपं धुवाचा जुना हौद होता. बुजवला."

"कधी?"

"जानेवारीत."

"कोणी सांगितलं बुजवायला?"

"वरून आलं." धनराजने खिशातला रुमाल काढून मान पुसली. "तुमाले कोनं का सांगतलं, मॅडम? त्या बाईनं?"

५

ज्या माणसाने आयुष्यभर प्रयोगशाळेत काम केलं तो घाबरला तरी प्रयोगच करतो. नीलिमाने तेच केलं.

मंगळवारी ती एकटी आत गेली आणि दार लावून घेतलं. सात नंबरसमोर बसून खिळा उपसला. पहिली धार सोडताना ती मोठ्याने म्हणाली, "नीलिमा रामटेके." स्वतःचाच आवाज तिला चोरट्यासारखा वाटला. काळं थारोळं फरशीवर पडलं आणि पडून राहिलं. तिने ते पुसलं.

"इसरू मडावी." थारोळं राहिलं. पुसलं.

"धनराज." राहिलं.

मग तिने फडकं बाजूला ठेवलं. तोंडाला कोरड पडली होती आणि अजून तिने घोट घेतलेला नव्हता.

"रोशन," ती म्हणाली. "रोशन कुमरे."

धार पडली. थारोळं झालं, दिव्याचा ठिपका त्यात क्षणभर चमकला, आणि मग ते एका कडेने आत ओढलं गेलं. मुरलं नाही. एका बाजूने कमी कमी होत गेलं, बशीला ओठ लावून चहा ओढावा तसं. शेवटचा थेंब जाताना बारीक आवाज झाला.

हा पुरावा कुठे न्यायचा? कोणत्या फौजदाराला सांगायचं की फरशीने बिअर प्यायली? नीलिमा घरी गेली, जेवली नाही. आईने विचारलं, "का झालं? गिळली का?" ती म्हणाली, "नाही." एवढंच खरं तिला सांगता येण्याजोगं होतं.

पण दुसऱ्या दिवशी फाटकाशी बुधरी बसलेली होती, आणि ती उठून उभी राहिली.

"मॅडम, तुमी आतल्या. तुमाले ठाव असन. तो हाय का नाई, एवढंच सांगा. बाकी मी काई नाई मागत."

नीलिमापाशी मशीनचं एक वाक्य होतं: आत आला, बाहेर गेला नाही. बुजवलेला हौद होता. आणि फरशी होती. पहिल्या दोन गोष्टी तिने बुधरीला सांगितल्या. तिसरी सांगितली नाही. पण तिसरी नसती तर तिने पुढचे शब्द उच्चारले नसते.

"वाट पाहू नकोस," ती म्हणाली.

बुधरी रडली नाही. खाली बसली, फाटकाच्या लोखंडी पट्टीवर एकेक मनगट आपटलं, आणि बांगड्यांचे तुकडे पदरात गोळा करून घेतले, कोणाच्या पायाला लागू नयेत म्हणून.

दोघी मिळून ठाण्यात गेल्या. तक्रार लिहून घ्यायला पोलिसांनी दिवसभर बसवलं. "मिरचीले गेला असन," तिथेही तेच. नीलिमा भांडली, आवाज चढवला, कायद्याची कलमं तोंडावर फेकली. शेवटी तक्रार घेतली गेली: रोशन कुमरे, कारखान्यात शिरल्याची नोंद, निघाल्याची नाही. हौद उघडायची मागणी तिने स्वतःच्या सहीने केली. त्या सहीनंतर धनराजने तिला चहा विचारणं बंद केलं, आणि मालकाने फोनवर एवढंच विचारलं की तिला नाशिक जास्त आवडतं का.

गावी रोशनची तेरवी झाली. इसरू जाऊन जेवून आला. "भात-वांग्याची भाजी होती," तो म्हणाला. "बाई लई रडली जी, तवा."

६

एप्रिल संपता संपता, भर दुपारी, इसरू धावत चाचणीच्या खोलीत आला. त्याला दम लागला होता आणि हसावं की काय करावं ते त्याच्या तोंडाला कळत नव्हतं.

"मॅडम, चला. फाटकावर चला. रोशन आला."

नीलिमाच्या हातातला पेला फुटला नाही, काही नाही. तिने तो नीट टेबलावर ठेवला आणि ती चालत गेली.

फाटकाबाहेरच्या कडुनिंबाखाली एक काटकुळा तरुण उभा होता. हातांची कातडी मिरचीने सोलून लाल झालेली, अंगात नवा कोरा शर्ट. त्याच्यामागे बुधरी, मनगटं भरून हिरव्या बांगड्या. तिने नीलिमाकडे पाहिलं आणि नजर वळवली. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"मले मारून टाकलं ना बाई तुमी," रोशन म्हणाला. तो हसत होता, पण हसणं टेकू लावून उभं केलेलं होतं. "गावात शिरलो त म्हतारी पयाली. लेकरं गोटे मारत होते. माही तेरवी झाली म्हनते. लहानूकाकाले सांगून गेलतो मी, घरी सांग म्हनून!"

"लहानूकाका विसरला," बुधरी म्हणाली.

"विसरला? अन् तेरवीत जेवला ना तो? जेवताना बी याद नाई आली त्याले?"

इसरू फिसकन हसला. बुधरीलाही हसू आलं, तिने ते पदरात दाबलं. उन्हात उभ्या त्या चौघांना क्षणभर सगळं निवळल्यासारखं वाटलं. पण नीलिमाच्या डोक्यात मशीन चालूच होतं.

"रोशन, जानेवारीत तू शेवटचा आत आलास तो दिवस आठवतो?"

"त्या दिवशी मी आलोच नाई. आदल्या संध्याकाळीच गाडीत बसलो. सिरोंच्यावरून गेलो."

"तुझं कार्ड आत आलंय."

रोशनने इसरूकडे पाहिलं. इसरूने कडुनिंबाकडे पाहिलं. नीलिमाला कळलं की ही नेमकी गोष्ट इसरूला माहीत नसली तरी अशा गोष्टी त्याला माहीत होत्या, ठेकेदाराकडे राबणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतात.

"बदली देल्ला होता मॅडम," रोशन हळू आवाजात म्हणाला. "जागा जाऊ नये म्हनून. मी नाई गेलो त ठेकेदार नाव काटते. बस स्टँडवर एक मानूस काम ढुंढत होता. त्याले म्हनलं, हे घाल गळ्यात, अन् जा. फोटो कोन पाहते?"

"कोण होता?"

"मले नाई मालूम."

"नाव?"

"नाव काऊन विचारीन?" त्याला खरंच नवल वाटलं. "त्याले सांगतलं, आता तू रोशन. रोशन म्हनून हाक मारली का ओ द्याची. बस. बिचारा लई घोकत होता. रोशन, रोशन करत गेला."

बुधरीच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"तहानला होता तो," रोशन म्हणाला. "माह्या बाटलीतलं सगळं पानी पेला. हातावर घेऊन."

७

नीलिमा पिंपांच्या खोलीत गेली तेव्हा मंगळवार नव्हता आणि वेळ चाखण्याची नव्हती. थंड हवेचं मशीन नुकतंच बंद पडलं होतं. ते थोड्या थोड्या वेळाने आपोआप बंद-चालू होतं. खोली इतकी शांत होती की पिंपांमधला बुडबुडा ऐकू येत होता.

ती सात नंबरसमोर बसली. पकडीने खिळा धरला. बाहेर रोशन जिवंत उभा होता, मिरचीने सोललेल्या हातांनी बिडी ओढत. तिने स्वतःला हे दोनदा बजावलं. मग खिळा उपसला.

"रोशन," ती म्हणाली.

धार सुटली आणि जमिनीपर्यंत पोचली नाही.

फरशीच्या वीतभर वर ती मोडत होती, भरत होती, कशात तरी. फटीच्या अंधारातून पुढे आलेलं होतं ते. ओंजळ होती. दोन्ही हातांची, घट्ट जुळवलेली, थेंब सांडू नये म्हणून करंगळ्या एकमेकींवर चढवलेल्या. बोटांची टोकं पांढरीफटक, सुरकुतलेली, खूप काळ पाण्यात राहिल्यासारखी. मनगटांच्या मागे काय होतं ते नीलिमाने पाहिलं नाही, की तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं, हे तिला आजही सांगता येत नाही. ओंजळ भरली, मागे गेली. घोट उतरल्याचा आवाज आला. ओंजळ पुन्हा पुढे आली.

तिच्या हातात खिळा होता. तो बसवायचं तिला सुचलं नाही.

"तू रोशन नाहीस," ती म्हणाली. तिचा आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा बराच मऊ निघाला. "रोशन बाहेर आहे. तुझं नाव काय? तुझं स्वतःचं नाव सांग."

ओंजळ उघडली.

धार मधून निसटून फरशीवर आपटली, शिंतोडे तिच्या पायांवर उडाले. बोटं हवेत तशीच राहिली, थोडी विलग, काय धरायचं ते विसरल्यासारखी. आणि मग फटीतून श्वास घेतल्याचा आवाज आला. बोलण्याआधी माणूस घेतो तसा, लांब, छाती भरून घेतलेला. कोणीतरी पहिल्यांदाच विचारलं होतं आणि तो सांगणार होता.

नेमकं तेव्हाच थंड हवेचं मशीन धडधडत सुरू झालं.

त्या आवाजात काही बोललं गेलं असेल. नीलिमा फटीपर्यंत सरकली, कान लावला, ओरडून म्हणाली, "पुन्हा सांग!" मशीन चालत राहिलं. ते बंद करायचं बटण दारापाशी होतं. ती धावली, बटण दाबलं, परत आली. फटीत अंधार होता आणि मागे भिंत. सात नंबरमधून धार वाहतच होती आणि फरशीवर काळं तळं पसरत चाललं होतं, भिंतीपर्यंत, तिच्या चपलांपर्यंत. कोणी त्याला शिवलं नाही.

त्या दिवसापासून सात नंबरखालचं थारोळं जागेवर राहतं. इसरू ते पुसतो. "गेला वाटते," तो म्हणाला. पण नीलिमाची तहान गेलेली नव्हती. ती आता तिच्या घरी, तिच्या उशाशी, तिच्या जेवणाच्या ताटात होती.

८

बेपत्ता इसम रोशन कुमरे सुखरूप घरी परतल्याने तक्रार निकाली काढण्यात आली. हौद उघडण्याचं कारण उरलं नाही. नीलिमा पुन्हा ठाण्यात गेली तेव्हा साहेबाने समजुतीच्या सुरात विचारलं, "बेपत्ता कोण आहे, ते सांगा. नाव सांगा, गाव सांगा, लगेच लिहून घेतो." तिच्याजवळ नाव नव्हतं. बस स्टँडवर ती सात-आठ वेळा जाऊन आली. काम शोधायला तिथे रोज माणसं येतात, चामोर्शीकडून, कोरपन्याकडून, कुठून कुठून. त्यांतला एक कमी झाला तर बाकीच्यांना जागा जास्त मिळते. कोणी कोणाला नाव विचारत नाही.

बुधरीने तेरवीच्या वेळी गेलेल्यासाठी पाणी भरून ठेवलेला पितळी गडू उतरवला नाही. सासू म्हणाली, अपशकुन आहे, घरधनी जिता आहे. ती म्हणाली, "जेवन त कोनाले तरी पोचलंच असन." नीलिमाशी ती अजून बोलत नाही.

रोशनला कामावर परत घेतलं. पेपरात काही येऊ नये म्हणून असेल, लगेच घेतलं. पहिल्या दिवशी तो फाटकाशी आला, म्हणाला, कार्ड नवं काढावं लागेल, जुनं त्या माणसाच्या गळ्यात गेलं. फाटकावरचा रखवालदार त्या दिवशी नवा होता. त्याने टेबलाचा खण उघडला, आत थोडं चाचपलं आणि म्हणाला, "नवं काऊन? हे काय तुझं, इथीच त पडलं आहे."

रोशनचाच फोटो, रोशनचंच नाव. प्लास्टिकच्या आत पाणी शिरून कागदाला लाट आलेली. गळ्यात अडकवायची निळी फीत डोक्यावरून काढलेली नव्हती. मानेच्या बाजूला ती सुरीने सरळ कापलेली होती.

ती कोणी कापली आणि कार्ड त्या खणात कोणी ठेवलं, हे नीलिमाने धनराजला, ठेकेदाराला, मालकाला आणि ठाण्यातल्या साहेबाला विचारलं आहे. अजून कोणीही सांगितलेलं नाही.